सातशे साठ अंशांचे दोन तास

माझी पणजी साध्या पोलादाची. स्वभावाने सालस, पण वाफ फार तापली की तिचे अंग सैल पडे. आजीच्या अंगी सव्वादोन टक्के क्रोमियम आले. आईने नऊ टक्क्यांपर्यंत मजल मारली. तिची लेक मी: तेच नऊ टक्के क्रोमियम आणि वर चिमूटभर व्हॅनेडियम. वर्धा जिल्ह्यातील एका वीजकेंद्रात तापलेली वाफ वाहून नेणारी मी एक जुनी नळी आहे. मित्रांनो, नीट बसा आणि ऐका; मी बोलत असताना मध्ये कुणी बोललेले मला खपत नाही.

जन्मतःच मला हजार अंशांच्या वर तापवून हवेत निवू दिले. त्याने मी कठीण झाले, पण ठिसूळही झाले. म्हणून पुन्हा कमी आचेवर मला मुरवले. त्या मुरण्यात क्रोमियम आणि कार्बन एकत्र येऊन माझ्या स्फटिकांच्या सीमांवर बारीक कण बसले. व्हॅनेडियमचे त्याहून बारीक कण आतवर पसरले. तंबूचे दोर ताणून धरणाऱ्या खुंटांसारखे हे कण मला धगीतही सैल पडू देत नाहीत. मुरणे अपुरे राहिले तर ते पुरते उगवत नाहीत. आच अती झाली तर फुगून मोठे आणि विरळ होतात.

अकरा वर्षांपूर्वी मला शेजारच्या नळीशी जोडले. वेल्डिंगच्या धगीने जोडाजवळची माझी घडण बिघडली. ती सावरण्यासाठी जोड सातशे साठ अंशांवर दोन तास मुरवणे भाग होते. हे काम नालवाडीच्या वर्षालीकडे होते. मुकादम बंडूजींना मात्र केंद्र सुरू करण्याची घाई.

"सकाळपासून तापून राह्यलं ना, बाई. कर आता बंद!"

"अवो बंडूजी, काटा सातशे साठवर आत्ता आला. तापणं वेगळं अन् मुरणं वेगळं."

"तू मले शिकवून राह्यली का?"

"घरी कुकर गॅसवर ठेवला की लगेच जेवाले बसता का? शिट्टीपासून मोजा नं!"

सारे खदखदा हसले. बंडूजी लालबुंद झाले. वर्षाली मात्र बटणावर हात ठेवून पुरते दोन तास तिथेच बसली. बंडूजींनी तिच्या नावापुढे 'कामात दिरंगाई' असा शेरा मारला. त्यापायी तिची कायम होण्याची संधी तीन वर्षे मागे गेली. हे माझ्यावरचे ऋण.

पुढे मी मानाने राबले. सेवाग्रामच्या दवाखान्यात दिवे लागले, त्यात माझाही वाटा होता, असे मी मानते. मागल्या वर्षी मात्र दुसऱ्या एका जोडात बारीक तडा सापडला. तो वर्षालीच्या हातचा नव्हता. पण कोणता जोड किती तापवला याचे जुने तक्ते वाळवीने खाल्लेले, त्यामुळे संशय साऱ्यांवरच आला. तिला नव्या मुलींची शिक्षिका नेमायचे ठरले होते, तेही अडले. तिच्या खरेपणाचा पुरावा आता केवळ माझ्या अंगात होता.

केंद्र बंद होऊन मी निवल्यावर तपासनीस आकांक्षाने वर्षालीच्या जोडाजवळची माझी त्वचा घासून चकचकीत केली, पातळ पट्टीवर तिचा ठसा घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. निवृत्तीला आलेले बंडूजी वाकून बघू लागले.

"हे काय, खसखस सांडली काय?"

"तीच पाहिजे होती, काका. कण बारीक आहेत, सीमांवर दाट बसलेत. हा जोड पुरता मुरलेला आहे."

बंडूजी साऱ्यांसमोर म्हणाले, "वर्षाली, माही चूक झाली होती. तो शेरा मी आजच खोडतो."

मित्रांनो, तुम्हाला घडवताना ज्यांनी वेळेची चोरी केली नाही, त्यांची आठवण ठेवा. ही माझी आज्ञा समजा.

पुढच्या सोमवारी, केंद्र सुरू होण्याआधी, शिक्षिका झालेली वर्षाली नव्या मुलींना घेऊन माझ्यापाशी आली. थंड जोडावर तळहात टेकवून तिने त्यांना पहिला धडा दिला. तिने मला दिलेले दोन तास मी त्या दिवशी पुरेपूर फेडले.