खुंटीवरची नाडी

सकाळी सहा वाजता भगवंताने बूट खाली घेतले, तेव्हा त्यांत नाड्या नव्हत्या. बुटांत त्या असणार नव्हत्याच. आदल्या दिवशी त्यानेच त्या काढून धुतल्या होत्या आणि पडवीतल्या खुंटीवर सावलीत वाळत टांगल्या होत्या. आता खुंटीवरही नव्हत्या. खुंटीवर काहीच नव्हते.

साल १९३८, महिना जानेवारीचा. मूर्तिजापूरच्या शिवेला लागून भगवंताचा भाजीचा मळा होता. घरात आई गंगूबाई, बायको शकुन आणि तो. त्या दिवशी दुपारी अकोल्यात शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावरून पाच मैलांची शर्यत सुटायची होती. तिथल्या एका शाळेचे ड्रिल मास्तर खुशालराव उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. शर्यत जिंकेल त्याला त्यांची जागा द्यायची, असे शाळेच्या मंडळींनी बोलून ठेवले होते. भगवंत सातवी पास होता आणि पायाने चपळ होता. जागेसोबत अकोल्यात राहायला खोली मिळणार होती.

बूट खुशालरावांनीच दिलेले. कॅनव्हासचे, रबरी तळाचे, त्यांनी स्वतः वापरलेले. बुटांबरोबर सूचनाही आल्या होत्या. नाडी दर आठवड्याला काढून धुवायची. पिळायची नाही. उन्हात घालायची नाही. कपड्यांबरोबर तिलाही कांजी करू नये; कडक नाडीची गाठ सुटते. भोकाजवळ सूत विसविशीत झाले की नवी घालायची. यातले शेवटचे सोडून भगवंताने सगळे पाळले होते. नवी नाडी मूर्तिजापुरात मिळत नव्हती.

"माय, खुटीवरच्या माह्या नाड्या कोठी गेल्या?"

गंगूबाई चुलीपाशी होती. तिने मान वळवली नाही.

"खुटीवर वाक होता."

"वाकाच्या संगं नाड्या होत्या. पांढऱ्या. बुटाच्या."

"वाकाच्या खुटीवर बुटाची नाडी कायले टांगली?"

अंबाडीच्या सालीचे धागे, म्हणजे वाक, त्याच खुंटीवर असायचे आणि दिवेलागणीला गंगूबाई त्या धाग्यांनी मेथीच्या जुड्या बांधायची, हे तो कळायला लागल्यापासून पाहत होता. पण दिवसभर ऊन न येणारी जागा पडवीत तेवढी एकच होती.

"म्हंजे तू नाड्यायनं मेथी बांधली?"

"हाताले जे आलं त्यानं बांधलं. डोये काय बोटाले हायेत माह्या?"

"अन् टोपल्या?"

"शकुन घेऊन गेली पयल्या गाडीनं."

भगवंताने कपाळावर हात मारून घेतला. मग पुन्हा मारला, कारण पहिल्याने काही झाले नव्हते.

"जेवून जाय," गंगूबाई म्हणाली. "भाकर बांधून देतो."

"कायनं बांधतं? बंडी काढून देऊ का माही?"

पुढच्या गाडीने तो अकोल्याला पोचला. दोन्ही बूट काखेत होते. डब्यात एकाने विचारले, बूट विकायचे आहेत का. दुसऱ्याने विचारले, चोरीचे आहेत का. भगवंत खिडकीबाहेर पाहत बसला.

भाजीबाजारात शकुन दोन टोपल्या पुढ्यात घेऊन बसली होती. नवरा दिसताच ती अर्धवट उठली.

"काहून जी? मैदान तिकडं हाये."

"मेथी किती राहिली?"

"तुमाले आता मेथी कायले पायजे?"

"माह्या नाड्या हायेत तुह्या मेथीले."

शकुन हसली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि पुन्हा हसली.

"तरीच! येक बाई पांढरी गाठ पाहून पाहून जुडी उचलून राहिली होती. मले म्हने, बाई, तुमच्याकडं सफाई लय चांगली."

"तू काहून देल्ली?"

"गिऱ्हाईक जुडी मांगते तं गाठ सोडून देऊ का? आन् सकायी अंधारात भरल्या मी टोपल्या. मले काय सपन पडलं होतं?"

दोघांनी टोपली गोणपाटावर उलटी केली. आजूबाजूच्या बाया आपापली भाजी सोडून पाहू लागल्या. शेजारच्या गोदाबाईने चौकशी केली, सोन्याचं काही हरवलं का. नाडी, असे कळल्यावर तिने आपल्या लुगड्याच्या गाठोड्यातली परकराची जुनी नाडी देऊ केली. भगवंताने हात जोडले.

पांढऱ्या गाठीच्या तीन जुड्या निघाल्या. भगवंताने गाठी सोडल्या. हातात तीन तुकडे आले, प्रत्येक वीतभर. एकाच्या टोकाला पत्र्याची टोपी अजून होती. बाकी टोके विळ्यावर धरून कापल्यासारखी सरळ होती.

तो तुकडे तळहातावर ठेवून पाहत राहिला.

"वाक हातानं चिरते माय," तो म्हणाला.

"हो मंग."

"नाडी हातानं तुटत नाई. इयावर धरा लागते."

शकुनने मेथीवर पाणी शिंपडले. नुकतेच शिंपडले होते, तरी पुन्हा शिंपडले.

"अंधारात समजलं नसन," ती म्हणाली.

"इयावर धरतानी?"

"मले काय इचारता जी? पयले बुटाचं पाहा. सोंग करत बसान तं शर्यत सुटून जाईन."

महादेवरावांच्या बुटांच्या दुकानात नाड्या होत्या. महादेवराव गादीवर रेलून भगवंताच्या बंडीवरची मेथीची पाने पाहत होते.

"नुसती नाडी? नुसती नाडी कोनी विकते का? बूट घ्या, नाडी संगं येते."

"बूट हायेत. नाडी नाई."

"भाजीवाले बूट घालून कवापासून धावाले लागले?"

"तुमी नाड्या कुलपात ठेवाले लागले तवापासून."

महादेवरावांना हे आवडले असावे. त्यांनी डबा पुढे सरकवला. काळी नाडी होती, गोल, मेण लावलेली, साहेबी बुटाची. ती निम्म्या भोकांतच संपली. दुसरी चमकदार, रेशमी. भगवंताने ती ओवून घट्ट गाठ मारली आणि दुकानाच्या पायरीवर चार वेळा पाय आपटले. गाठ सुटून नाडी पायरीवर पसरली.

"हे तं नवरदेवाची हाये," महादेवराव म्हणाले. "नवरदेव कुठी धावते?"

डब्याच्या तळाशी तिसरी होती. चपटी, सुती, जाड, लांबीला भरपूर. भगवंताने तिला हात घातला आणि महादेवरावांनी डबा मागे ओढला.

"ते शिकारी बुटाची. बूट आतमंदी हाये. नाडी देल्ली तं उद्या मी बूट कायनं विकू?"

"दुसरी मांगवा ना जी."

"मंबईवून येते. पंधरा दिवस थांबता का?"

भगवंताच्या मनात जे आले ते दुकानात शोभले नसते. तो पायऱ्या उतरून खाली आला, तर शकुन समोर उभी. टोपल्या तिने गोदाबाईच्या हवाली केल्या होत्या. हातात कंदिलाची नवी वात होती. विणलेली, चपटी, चांगली लांब.

"घ्या. सुती हाये, चपटी हाये, पांढरी हाये."

"बत्ती? मी बत्ती लावून धावू?"

"पाहेटपासून नाडी नाडी करून राहिले. नाडी काय आभायातून पडते? इनलेलं सूतच ना ते."

तिने वात उभी कापून घेतली नाही. रुंदी अख्खी ठेवली, लांबीत मधोमध दोन तुकडे केले. बाभळीचा डिंक थुंकीने ओला करून टोके वळली, टणक केली आणि तिथेच दुकानाच्या पायरीवर बसून बूट ओवले. डिंक वाळेपर्यंत ती टोकांवर फुंकर घालत होती. भगवंताने पाय पुढे केला तेव्हा गाठही तिनेच मारली.

मैदानावर खुशालरावांनी आधी त्याच्या चेहऱ्याकडे आणि मग पायांकडे पाहिले.

"हे काय घातलंस?"

"बत्ती."

"काय?"

"कंदिलाची, मास्तर."

खुशालरावांनी डोळे मिटून घेतले. "रॉकेल तरी ओतलंस का? तेवढाच वेग येईल."

"अनवाणी धावू का मंग?"

"वाट ज्वारीच्या धसकटांतून आहे. आणि अनवाणी माणसाला ड्रिल मास्तर कोण करील?"

चार वाजता शर्यत सुटली. वातीने गाठ चांगली धरली. मऊ सूत एकमेकांत रुतून बसले. तिसऱ्या मैलापर्यंत भगवंत सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या मागे चंद्रभान नावाचा दर्यापूरचा एक जण होता. त्याच्या पायांत काहीच नव्हते. चौथ्या मैलात, ज्वारी कापलेल्या वावरात, डाव्या बुटाची वात भोकाजवळ तुटली. वात जळण्यासाठी विणलेली असते, ओढून धरण्यासाठी नव्हे. बूट काळ्या ढेकळांत राहिला. भगवंत एका बुटावर धावला. दोन पायांची उंची वेगळी झाल्याने तो सारखा डावीकडे कलत होता.

चंद्रभान पहिला आला. भगवंत दुसरा.

बक्षीस वाटताना लोकांनी चंद्रभानचे तळवे पाहायला गर्दी केली. खुशालराव भगवंताला बाजूला घेऊन गेले.

"जागेचं त्याला विचारलं. घरी विचारून कळवतो म्हणाला. त्याची आई नको म्हणते म्हणे. तो नाही म्हणाला, तर तू."

घरी परतल्यावर गंगूबाईने काही न विचारता कंदील जवळ ओढला, त्याचा डावा पाय मांडीवर घेतला आणि सुईने तळव्यातली कुसळे काढू लागली. भगवंताने खिशातून तीन तुकडे काढून तिच्यापुढे ठेवले. टोपी असलेला तुकडा वर.

सुई क्षणभर थांबली. मग चालू झाली.

"तू अकोल्याले गेल्यावर मोट हाकलनं दोघी बायायचं काम हाये का रे?" ती तळव्याकडे पाहत म्हणाली.

"तं मले तसं बोलाचं. मेथी काहून बांधली?"

"हालू नको. रुतन."

तीन-चार दिवसांनी, बाजारावरून उशिरा आलेल्या शकुनने त्याला पडवीत बोलावले. खुंटीवर एक पांढरी नाडी लोंबत होती. गंगूबाईने तीनही तुकडे धुऊन, जुडीला मारते तशा बारीक, करकचून गाठी मारून जोडले होते. टोपी खालच्या टोकाला होती. लांबीला ती एका बुटालाही पुरली नसती. भगवंताने ती काढून उरलेल्या बुटाच्या भोकात घालून पाहिली. टोपी गेली. पहिली गाठ अडली.

"नाई जात?" आतून गंगूबाईने विचारले.

"नाई."

"मंग राहू दे तिथंच."

त्याने ती परत टांगली. तेव्हापासून गंगूबाई वाक दाराच्या कडीला अडकवते.

फेब्रुवारी संपत आला आहे. दर्यापूरहून चंद्रभानने अजून काही कळवलेले नाही.