मी नजरा अडवतो, आवाज नाही

मी एक जुना पडदा आहे आणि माझा स्वभाव काही गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. खिडकीत वाऱ्यावर झुलणारा पडदा मी नव्हे. दवाखान्यात तपासणीच्या टेबलापुढे उभा करतात तो, लोखंडी नळ्यांच्या तीन चौकटींचा, खाली चाकं असलेला, घडी होणारा पडदा मी. मित्रांनो, माणसाला कपडे सैल करून परक्यापुढे झोपावं लागतं, तेव्हा त्याची लाज राखणं हे माझं काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नळ्या कापल्या, जोडल्या, पांढरा रंग फासला आणि हिरवं कापड ताणून बसवलं. मला गोल फिरवून कारागीर म्हणाला, "चाकं बघ कशी लोण्यासारखी फिरतायत." आयुष्यात कौतुक म्हणून जे काही वाट्याला आलं ते एवढंच. मी ते बरीच वर्षं पुरवून वापरलं.

पुढे मी एका मोठ्या इस्पितळात, बायकांच्या विभागात लागलो. माझ्या एका बाजूला टेबल आणि दुसऱ्या बाजूला बाकांवर बसलेली रांग. मी नजरा अडवायचो. आवाज अडवणं माझ्या हातात नाही, शेवटी कापडच ते. तिथल्या डॉक्टरला एवढं तरी कळायला हवं होतं. त्याला 'अहो डॉक्टर' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हात हुशार होते त्याचे, पण तोंडाला लगाम नव्हता. कुणाला काय दुखतंय ते सगळ्या रांगेला कळायचं.

एकदा एक शिवणकाम करणारी बाई आली. तिच्याबरोबर आलेल्या सोबतीणीचा टेम्पोचा धंदा होता. स्वतःच चालवायची. टेम्पोवाली तिला लाडानं 'मास्तर' म्हणायची. दोघींचा एकच संसार होता, नवरा-बायकोचा असतो तसाच. मास्तरची आई गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली होती, म्हणून हिला स्वतःची तपासणी करून घ्यायची होती.

"लग्न?" डॉक्टरनं विचारलं.

"नाही."

"मग इथे कशाला आलात? ही तपासणी लग्न झालेल्यांची."

टेम्पोवाली माझ्या बाहेरूनच म्हणाली, "डॉक्टर, आम्ही दोघी एकत्र राहतो. म्हणजे... जोडीनं."

डॉक्टर खो खो हसला. "सिस्टर, ऐकलंत का? या दोघींचा संसार आहे म्हणे! यातला नवरा कोणता हो?"

रांगेत खसखस पिकली. डॉक्टरला आणखी चेव आला. "घरी जा. पुरुषाचा संबंध नाही तर रोग येणार कुठून? तुम्हा लोकांना नाही लागत ही तपासणी."

मास्तर अनवाणीच बाहेर पडली. टेम्पोवालीनं तिच्या चपला उचलल्या आणि मान खाली घालून मागोमाग गेली. मला इतका संताप आला होता की त्या डॉक्टरच्या पायावरून चाक घालावं. पण पडद्याला कुणीतरी ढकलावं लागतं.

पुढे माझं एक चाक निखळलं. मग अडगळीची खोली, मग भंगाराचं दुकान. तिथून दादांनी मला उचललं. दादा सकाळी लोकांच्या दाढ्या करायचे आणि दुपारी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत केंद्र चालवायचे. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका, यांच्यासाठी ते केंद्र होतं. दादा स्वतः त्यांतलेच. तिथे रक्त तपासायचे, रोगापासून जपायचं कसं ते सांगायचे, आणि मन जड झालेल्याला नुसतं बसू द्यायचे. तपासायला एक निवृत्त सिस्टर होत्या. त्यांची एक पद्धत होती. माझ्यामागे कुणी गेलं की दादांनी बाहेर रेडिओ मोठा लावायचा आणि वर स्वतःही गायचं. दादांचा आवाज फाटक्या भोंग्यासारखा. पण आतलं बोलणं बाहेर जायची बिशाद नव्हती.

आजूबाजूच्यांना आम्ही डोळ्यांत खुपत होतो. आमच्या पाटीला डांबर फासलं जाई, जिन्यात कचरा ओतला जाई. इमारतीचे सेक्रेटरी येऊन म्हणाले, "इथे सभ्य लोक राहतात."

"मग त्यांना सांगा, कचरा डब्यात टाकायला," सिस्टर म्हणाल्या.

माझं कापड विरलं तेव्हा नवं शिवायला दादांनी ओळखीतून एका बाईला बोलावलं. माप घेताना तिनं तोंड उघडलं आणि मी तिला आवाजावरून ओळखलं. मास्तर! तिनं मला ओळखलं नाही. सगळे पडदे सारखेच दिसतात. कापड झकास शिवलं तिनं. ते बसवत असताना सिस्टरांनी सहज विचारलं, "तुमची स्वतःची तपासणी झालीय का हो?"

"मला नाही लागत ती," मास्तर म्हणाली. "मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलंय. आमच्यातल्या सगळ्याजणींना मीसुद्धा तेच सांगते. म्हटलं, तेवढं तरी एक सुख आहे आपल्या नशिबात."

ऐकलंत, मित्रांनो? त्या माणसानं तोंडावर मारलेला टोमणा हिनं औषधासारखा जपून ठेवला होता. वर मैत्रिणींनाही वाटला होता.

सिस्टर तिच्याजवळ बसल्या. "हे साफ खोटं आहे, बाई. तो विषाणू कातडीला कातडी लागूनही जातो. लग्नपत्रिका बघून येत नाही. मधेच रक्त जातं का कधी?"

मास्तरनं सुई कापडात खोचून ठेवली. "जातं," ती म्हणाली. "वर्ष होत आलं."

दुसऱ्याच दिवशी ती टेबलावर झोपली. बाहेर रेडिओ सुरू झाला, दादा गाऊ लागले, आणि नेमके तेव्हाच सेक्रेटरी चारपाच जणांना घेऊन आत घुसले. "आत काय धंदे चालतात ते आज बघतोच," म्हणत त्यांनी माझी चौकट धरली. मास्तरसोबत आलेल्या टेम्पोवालीनं दुसरी धरली. तिचे हात स्टिअरिंग फिरवून घट्ट झालेले. मी दोघांच्या मधे करकरलो, पण हललो नाही.

"आत माझं माणूस आहे," ती म्हणाली.

"कोण लागते ती तुमची?"

"बायको आहे माझी. आता लावा हात."

सेक्रेटरींनी हात काढला. दम भरून ते निघून गेले. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायची नोटीस मात्र आलीच.

मित्रांनो, असं आत्मवृत्त संपवताना 'माझी निगा राखा' असं विनवायची रीत आहे. मी विनवणार नाही. माझं कापड फाटलं तर शिवता येतं. तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होईल, कुणी नर्स, कुणी बाकावर बसून हसणारा. समोर आलेल्या माणसाचं आधी ऐकून घ्या. हळू बोला. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणा, त्यानं कुणाचं नाक कापलं जात नाही. आणि हे जमणार नसेल तर कृपा करून दुसरा धंदा बघा.

मास्तरला रोग निघाला, चांगलाच मुरलेला. ऑपरेशनसाठी तिला त्याच इस्पितळात जावं लागलं. आम्ही सामान बांधत होतो तेव्हा टेम्पोवाली सांगायला आली. डॉक्टरही तोच निघाला होता. त्याला या दोघी आठवतही नव्हत्या. कागद बघून तो सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडला, "एवढी वर्षं झोपला होतात का? आधी नाही का यायचं?"

"मग? मास्तर काय म्हणाली?" दादांनी विचारलं.

टेम्पोवाली म्हणाली, "एवढंच म्हणाली, 'आले होते.'"