मावशीच्या गुडघ्यांचं तेल

या मंडळी, अशी जवळ सरकून बसा. एका मिस्त्रीची गोष्ट सांगतो. ऐकताना नाक मुरडाल, पण ऐका.

हा मिस्त्री ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायचा. कारखान्यात सगळ्यांची समजूत अशी, की त्यातलं तेल सांध्यांना चोळलं की दुखणं पळतं. वीज मुरलेली असते ना त्यात! मिस्त्रीला मावशीनं वाढवलेलं, आणि तिचे गुडघे धरलेले. दर महिन्याला तो मायेनं एक बाटली भरून न्यायचा. या सोमवारी एक जुनाट ट्रान्सफॉर्मर आला. वरचं तेल मधासारखं नितळ दिसलं, त्यानं त्यातलंच भरलं.

गुरुवारी त्याच ट्रान्सफॉर्मरची टाकी उघडली. तळाशी काळा, लिबलिबीत गाळ. आंबूस, जळका भपकारा. आणि गाळात फुगून पांढरी पडलेली पाल. मिस्त्रीनं ती काढायला हात घातला.

"हात काढा आधी!" तेल तपासणाऱ्या बाई ओरडल्या. "नमुन्यात विष निघालंय. पूर्वी घालायचे तसलं तेल आहे. कातडीतून अंगात भिनतं."

मिस्त्री तसाच घराकडे धावत सुटला.

मावशी पायरीवर पाय पसरून बसलेली. गुडघे चकचकीत, त्यांवर लाल पुळ्या. आणि तोच भपकारा.

"आज लवकर? साहेबानं हाकललं वाटतं!"

"मावशी, तेल लावू नकोस."

"का रे, वीज संपली त्यातली?"

"विष आहे त्यात. मीच आणलं, कुणाला न विचारता."

मावशीचं हसू मावळलं. "शी! मेल्या, मी शेजारच्या तिघींना वाटीवाटी दिलंय. एकीनं बाळाच्या पाठीला चोळलं!"

तरी मिस्त्री पुटपुटला, "तेल शिळं झालं म्हणून परत माग ना. चोरून आणलेलं कळलं तर नोकरी जाईल माझी."

"शिळं म्हटलं तर त्या बिजागरीला घालायला ठेवतील. विष म्हणायचं. दार मी ठोठावते, तोंड तू उघड."

तिन्ही दारांत त्यानं खरं सांगितलं. बाळाच्या आईनं शिव्यांची लाखोली वाहिली, ती त्यानं खालमानेनं ऐकली. मावशीनं बाळाला साबणानं तीनदा धुतलं आणि कडेवर घेऊन, लंगडत, डॉक्टरांकडे निघाली. मागून मिस्त्री, वाट्यांतलं तेल परत ओतून घेतलेली बाटली हातात धरून.

मंडळी, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा या मावशीची आठवण ठेवा. स्वतःचे गुडघे तिनं सगळ्यांत शेवटी धुतले.