पिक्सेलबाबा आणि वांगं

ताईच्या हॉलमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर माणसं, सोफ्याच्या हातांवर माणसं, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडूनही दोन डोकी डोकावत होती. सगळ्यांचे हात जोडलेले. कोणापुढे? तर टीपॉयवरच्या एका जुन्या लॅपटॉपपुढे. शेजारी रेशमी कुर्ता घालून पिक्सेलबाबा बसले होते. कीबोर्डवर त्यांनी मखमली रुमाल पसरला होता आणि दोन्ही हात रुमालाखाली होते.

"बघा, आत्मा धडपडतोय," बाबा म्हणाले. "पण त्याचं रिझोल्यूशन पुरत नाहीये."

पडद्यावर माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, दाढी करत होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. हयातभर घरातल्या प्रत्येक प्रसंगाचं शूटिंग दाजींनीच केलं, त्यामुळे एकाही शूटिंगमध्ये ते स्वतः नव्हते. सापडली ती ही एकच क्लिप. आरशापुढे उभे, अर्ध्या गालाला फेस, मान वळवून हसतायत. शूटिंगच्या वेळी वरच्या मजल्यावर ड्रिल चालू होतं, म्हणून त्यातला आवाज काढून टाकलेला. ताईच्या सत्तरीला दाखवायला सूनबाई घरच्या घरी फिल्म जोडायला बसली, तर नेमका हाच चेहरा पडद्यावर ओल्या साबणासारखा पसरला. ताई घाबरली. ती घाबरली की शेजारीपाजारी मदतीला धावतात, हे आमचं दुर्दैव. कोणीतरी बाबांचा नंबर दिला.

"घरात एक छाया आहे," बाबा म्हणाले. "ती समोर आली की आत्मा धूसर होतो. सूनबाईंना बोलवा."

सूनबाई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. क्लिप चालू होती. दाजींचा साबणच झालेला होता.

"आता आत जा!"

ती आत गेली. बाबांनी डोळे मिटले, मान वर केली आणि खच्चून ओरडले, "थांबा!"

दाजी थांबले. आणि खरंच, फेसाचे बुडबुडे मोजावेत इतके लख्ख दिसायला लागले. ताईला हुंदका फुटला. शिंपीणकाकूंनी तर चार्जरलाही नमस्कार केला.

मग बाबांचा निकाल आला. सूनबाईंनी या यंत्राला हात लावायचा नाही, आणि आत्म्याचं रेंडरिंग पूर्ण होईपर्यंत माहेरी जाऊन राहायचं.

"पूर्ण कधी होईल?" ताईच्या लेकाने, म्हणजे माझ्या भाच्याने, चाचरत विचारलं.

"सत्याऐंशी टक्क्यांवर आलंय. पण पुढचे टक्के सावकाश भरतात. काहींचे जन्मभर भरत नाहीत."

भाचा मान खाली घालून चपलांच्या रॅककडे बघत राहिला. तिथे बायकोची बॅग भरून ठेवलेली होती, आणि बाबांच्या कालच्या बैठकीतल्या इशाऱ्यावरून ती त्यानेच भरली होती. माझं डोकंच सणकलं.

मी जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं. अंधुक दिसतं म्हणून येणारा प्रत्येक जण कारणही सोबत घेऊन येतो. कोणाला साहेबाची नजर लागलेली असते, कोणाला जावेने काहीतरी खायला घातलेलं असतं. मी सगळं ऐकतो आणि एका वेळी एकच भिंग बदलतो. दोन भिंगं एकदम बदलली, तर कशाने दिसलं ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. इथे बाबांनी एकदम दोन गोष्टी बदलल्या होत्या. सुनेला आत पाठवलं होतं, आणि चालती क्लिप थांबवली होती.

मी स्वयंपाकघरात गेलो. सूनबाई वांगी चिरत होती, म्हणजे वांग्यांवर राग काढत होती.

"मामा, मी खरंच काही केलं नाही हो. जायचं तर जाईन, पण फिल्म अर्धी राहिली."

"रड नंतर. आधी सांग, क्लिप थांबवली की चेहरा स्पष्ट होतो, हे तू पाहिलंस?"

तिची सुरी थांबली. "मला कुठे धड बघू दिलं त्यांनी? थांबा, थांबा... चालताना धूसर आणि थांबल्यावर स्पष्ट? मामा, मग मूळ चित्र चांगलंच आहे!" ती दोन पावलं धावली आणि अडली. "पण मला हात लावायचा नाहीये ना?"

"नाहीये."

तिने टोपलीतलं सगळ्यात मोठं वांगं उचललं.

हॉलमध्ये मी आधी तो मखमली रुमाल उचलला. बाबांचा अंगठा स्पेसबारवर, म्हणजे क्लिप थांबवायच्या-चालवायच्या कळीवर, ऐसपैस बसलेला होता. सूनबाईने तो वांग्याने बाजूला सारला आणि लॅपटॉपसमोर मांडी घातली. वांगं टेकवलं, टक्. दाजी हलू लागले, धूसर झाले.

"बघा! छाया!" बाबा किंचाळले.

सूनबाई जागची हलली नाही. टक्. दाजी लख्ख. टक्. धूसर. टक्. लख्ख.

मग निवृत्त पोस्टमास्तर उठले आणि त्यांनी वांग्याला हात जोडले. "जागृत आहे!"

"देठासकटच घ्यायचं का गं?" शिंपीणकाकूंनी विचारलं.

"खाली बसा सगळे!" मी ओरडलो. "वांग्यात काही नाही!"

"वांग्यात माझीच शक्ती उतरलीय," बाबा म्हणाले.

"मग बरंच झालं. तुम्ही घरी जा, वांगं इथे राहू दे."

सूनबाई हसू आवरत समजावू लागली. "आई, हा लॅपटॉप जुना आहे. चालतं चित्र पूर्ण रंगवताना त्याला धाप लागते, म्हणून तो चौथाई ठिपकेच काढतो आणि वेळ मारून नेतो. थांबवलं की सावकाश सगळे काढतो. फिल्म तयार झाली की ती स्पष्टच निघेल. मामा, चित्राखाली 'चौथाई' लिहिलंय ना, तिथे 'पूर्ण' करा. मला हात लावायचा नाहीये."

मी केलं. बाबांना तेवढ्यात दुसऱ्या कोणाच्या घरी आत्मा अडकल्याचं आठवलं आणि ते निघाले. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही, कारण पडद्यावर दाजी अडखळत का होईना, लख्ख चेहऱ्याने हलत होते. बाबा दर वेळी क्लिप चेहऱ्यावरच थांबवायचे, त्यामुळे पुढचं आम्ही कोणी स्पष्ट पाहिलंच नव्हतं. दाजींनी मान बाजूला केली आणि मागच्या आरशात कॅमेरा धरलेलं माणूस दिसलं. ओल्या केसांची, ओठ दाबून हसणारी सूनबाई.

ताई पडद्याजवळ सरकली. "हे... तू काढलंस?"

"हो आई. लग्न नवीन होतं. मला म्हणाले, माझं कोणी काढतच नाही गं. म्हणून मी कॅमेरा ओढूनच घेतला."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही."

ताई उठली, रॅकपाशी गेली आणि बॅग उचलून तिने लेकाच्या पुढ्यात ठेवली. "तूच भरलीस ना? मग तूच रिकामी कर. आणि आधी तिची माफी माग. मीही मागतेय."

मला तेव्हा फार बरं वाटलं, आणि रागही आला. दाजींची तेवढी मान बाजूला झाली नसती, तर ती बॅग रिकामी झाली असती का?

वाचकहो, चमत्कार जरूर बघा. फक्त एका वेळी एकच भिंग बदलून बघा. बाबांना बाहेर बसवा, तीच कळ दुसऱ्याला दाबू द्या, कोणीच नसेल तर वांगं घ्या. आणि एवढं सगळं जमणार नसेल, तर निदान कोणाची बॅग भरायला घेऊ नका.