पांढरा ताणा

सुताच्या दोन धाग्यांमध्ये, वाळलेल्या खळीत अडकलेला तो कण अगदी गोल होता. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या मण्यासारखा दिसत होता, आतून पोकळ. रस्त्यावरची धूळ अशी नसते; तिला कोपरे असतात. गोल होते ती भट्टीत वितळून वर उडता उडता थिजलेली कोळशाची राख. म्हणजे हा कण आमच्याच चिमणीतला.

धागा रामाजीने आणला होता. नागपूरजवळच्या कागद गिरणीच्या वीजघरात तो फिटर आणि मी प्रयोगशाळेत केमिस्ट. साल १९८३. त्याची बायको पुष्पलता उमरेडच्या विणकराच्या घरची. लग्नात तिच्यासोबत आलेला हातमाग क्वार्टरच्या पडवीत होता. मागावर चढवण्याआधी ताणा, म्हणजे उभं सूत, गल्लीत लांब ताणून त्याला खळ पाजावी लागते आणि ओल्या खळीवर बसलेली राख मग निघत नाही. दोन वर्षं तिचा एकही पांढरा ताणा पांढरा राहिला नव्हता. तिचा भाऊ जागेश्वर माग उमरेडला न्यायला तयार होता. ती हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. "मशीन बसू द्या, मंग पाहू," एवढंच. मशीन म्हणजे धुरातली राख पकडणारं यंत्र; गिरणीने ते चिमणीसाठी मागवलं होतं.

मशीन दिवाळीत बसलं.

मला ते यंत्र फार आवडतं. त्यात चाळणी नाही, पाण्याचा फवारा नाही. धूर एका मोठ्या पेटीत शिरतो आणि रुंद जागेत त्याचा वेग मंदावतो. आत पत्र्यांच्या उंच भिंती टांगलेल्या असतात, त्यांच्या मधोमध बारीक तारा. तारांवर चाळीस हजार व्होल्ट. जवळून जाणारा राखेचा कण विजेचा भार घेतो, धुरातून हळूच बाजूला सरकतो आणि पत्र्याला चिकटतो. धूर न थांबता पुढे जातो, राख मागे राहते. शंभर ग्रॅममधली नव्याण्णव ग्रॅम. मग हातोडे पत्र्यांवर ठोके देतात आणि ती खालच्या नरसाळ्यात पडते.

हे सगळं मी पुष्पलताला सांगितलं. ती खळ लावायचा कुंचा धूत होती; मशीन बसल्यानंतरचा ताणाही करडाच निघाला होता.

"नव्याण्णव म्हनता तुमी मॅडम. राहिलेला एक आमच्याच गल्लीत रायते का?"

 मी गल्लीच्या टोकाला घड्याळ धरून उभी राहिले. चिमणीचं तोंड स्वच्छ होतं. मग एक करडा झोत आला, दहाएक सेकंद टिकला. पुन्हा स्वच्छ. बरोबर चार मिनिटांनी दुसरा झोत. मी पडवीत परतले तेव्हा रामाजी कामावरून आला होता.

"रामाजी, हातोड्यांची वेळ किती ठेवली आहे?"

"चार मिन्टं." तो खुशीत होता. "मशीन बसवनारे बारावर ठेवून गेले होते. म्या साहेबायले विचारून कमी केली. मागावर फणी घडीघडी ठोकली तं कापड घट्ट येते, मॅडम. तसंच हे."

घरात माग नसलेल्या दुसऱ्या कोणत्या फिटरने ही चूक केली नसती. मी म्हटलं, "पत्र्यावरचा राखेचा थर जाड होऊ द्यायचा. जाड झाला की तो पापुद्र्यासारखा सुटून सरळ खाली पडतो. चार मिनिटांत तो इतका पातळ असतो की ठोक्यासरशी त्याचा भुगा होतो आणि परत धुरात जातो."

पुष्पलता हसली. "अजी, दुधाच्या गंजातली खरवड तुमीच खाता ना? जाड असली तं अख्खी निघते, पातळ असली तं नुसता चुरा. मशीनीले माग समजून राहिले का जी?"

 रामाजी म्हणाला, "मले वाटलं, जास्त ठोकलं तं तुया ताण्यासाठी बरं होईन."



दुसऱ्या दिवशी आम्ही वेळा बदलल्या. पुढच्या पत्र्यांना बारा मिनिटं. मागच्यांना पाऊण तास, कारण तिथवर राख थोडीच पोचते. चिमणीजवळ उभं राहून आम्ही दोघांनी तासभर वर पाहिलं. आकाशाच्या पार्श्वभूमीवर फक्त गरम हवा थरथरताना दिसत होती.

रविवारी पुष्पलताने नवा ताणा लावला. वारा चिमणीकडूनच होता. तिने तो दिवस मुद्दाम निवडला असावा. दोघं दोन बाजूंनी कुंचा फिरवत गेली आणि दुपारपर्यंत सूत खडखडीत वाळलं. मी भिंग घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत वीत वीत तपासत गेले. पुष्पलता माझ्यामागे एक पाऊल अंतर ठेवून चालत होती.

दोन कण सापडले.

"राख हाय?"

"नाही. दोन्हींना कोपरे आहेत. गल्लीतली धूळ आहे, झटकली की जाईल."

तिने भिंग मागून घेतलं आणि स्वतः पाहिलं. मग पदराने ताणा झटकला, दोन्ही हातांनी तो गुंडाळायला घेतला आणि मान वर न करता रामाजीला म्हणाली, "जागेश्वरले पत्र टाका. माग इथंच रायते म्हना."