शनिवारचं छत

"आंटी, कम डाउन फर्स्ट लाह!"

बागेचे मालक मिस्टर कोह खालून हाका मारत होते. ट्रेलरच्या छताच्या भेगा भरणाऱ्या नंदाने हातातली सीलंटची बंदूक थांबवली नाही. एकदा धार सुरू केली की कोपरा येईपर्यंत थांबायचं नाही, मध्ये थांबलं तर पुढे तिथेच भेग पडते, हे तिला नवऱ्याने, भाऊसाहेबांनी सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे, डावा हात हवेत एका रेषेत फिरवून दाखवला होता आणि एकच शब्द मोठ्या कष्टाने उच्चारला होता. "सलग."

ती सलग कोपऱ्यापर्यंत गेली. बोट ओलं करून धार दाबली, बंदुकीचं तोंड फडक्याने पुसलं आणि मग शिडीवरून उतरली.

कोह बांधावरच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्यांच्या मागे ऑर्किडच्या रांगा होत्या, बऱ्याच रिकाम्या. बागेच्या जमिनीच्या भाडेपट्ट्याची मुदत संपली होती, जमीन आता सरकारला परत करायची होती. हे नंदाला माहीत होतं. पण वर्षभर नुसतं बोलणं चाललं होतं. आता तारीख आली होती. झाडं कुणीकुणी नेली. ट्रेलर नेणारं कुणी मिळालं नव्हतं.

"नेक्स्ट सॅटर्डे दे कम," कोह म्हणाले. "कट अँड टेक अवे. सॉरी, आंटी."

"ओके," नंदा म्हणाली.

"युवर हजबंड... हाउ टू टेल हिम?"

नंदाने वर छताकडे पाहिलं. डावी बाजू भरून झाली होती, उजवी राहिली होती. तिने शिडी उचलली आणि पलीकडच्या बाजूला नेऊन टेकवली.

"नो नीड टू फिनिश, लाह!" कोह उठून उभे राहिले. "नेक्स्ट वीक गॉन ऑलरेडी!"

"संध्याकाळी ते विचारतील," नंदा मराठीतच म्हणाली, आणि वर चढली.

तो ट्रेलर म्हणजे चाकांवरचं एक लांबलचक घर होतं. झोपायची खोली पुढच्या बाजूला, उंचावर. तो भाग ट्रकच्या पाठीवर चढून बसतो. अशा ट्रेलरला फिफ्थ व्हील म्हणतात. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नंदाने त्याच्याभोवती एक फेरी मारून चाकं मोजली होती. भाऊसाहेब हसून हसून खोकले होते. पाचवं चाक म्हणजे चाक नव्हेच, ट्रकच्या पाठीवरची लोखंडी थाळी, तिच्यात ट्रेलरचा जाड खिळा अडकतो. इथे तर तो ट्रकही नव्हता. कुणी अमेरिकन साहेब दोन्ही बोटीने घेऊन आला, ट्रक भंगारात गेला आणि ट्रेलर क्रांजीच्या या बागेत कोहांच्या गळ्यात पडला. शनिवार-रविवारी मुलाबाळांची कुटुंबं त्यात भाड्याने राहायला यायची. छत गळायला लागल्यावर तीही येईनाशी झाली.

भाऊसाहेब बागेत आले होते ते ऑर्किड घ्यायला. रोप राहिलं बाजूला, ते ट्रेलरच्या खाली वाकून बघत बसले.

त्यांचं सगळं आयुष्य जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळण्यात गेलं होतं. पहाटे कंपनीची बस, गळ्यात पास, प्रत्येक नट उघडायला परमिट. निवृत्त झाल्यावर ते हॉलमध्ये सोफ्यावर बसून पंख्याचा आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "बेअरिंग जायला आलंय." क्रांजीहून परत आले त्या दिवशी जेवताना म्हणाले, "नंदा, तिथे परमिट लागत नाही."

मग दर शनिवारी जाऊन त्यांनी छताच्या भेगा भरल्या, आतली ओलीने कुजलेली जमीन उखडली आणि नवीन प्लायवूड टाकलं. पलंगाच्या वर छतात हवा खेचणारा छोटा पंखा बसवला. बाजूची सरकती खोली, बटण दाबलं की बाहेर येणारी आणि परत आत जाणारी, ती कित्येक वर्षं अडकून बसली होती, ती चालू केली. फळीला कड लावली, म्हणजे गाडी चालताना कप घरंगळणार नाहीत.

"गाडी चालणारच नाही, तर कप घरंगळतील कसे?" नंदाने विचारलं होतं.

"असू दे गं."

कुटुंबं परत यायला लागली. एक शाळकरी मुलगा वहीच्या पानावर 'थँक यू अंकल' लिहून फळीवर ठेवून गेला, ते पान भाऊसाहेबांनी दोन आठवडे खिशात ठेवलं.

मागच्या वर्षी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा बरीचशी गेली. घरी आणल्यावर पहिल्या शनिवारी त्यांनी संध्याकाळी विचारलं, "छत?"

नंदा त्या दिवशी क्रांजीला गेली नव्हती. ती सकाळ-संध्याकाळ बुद्धमूर्तीपुढे बसून त्रिशरण-पंचशील म्हणायची, लग्नाआधीपासूनचा नेम. चौथं शील खोटं न बोलण्याचं. बाकीची माणसंही म्हणतात, आणि फोनवर 'घरी नाहीये' असंही सांगतात. नंदाला ते जमत नव्हतं. त्यात कसला मोठेपणा आहे असं तिला वाटत नव्हतं; डावखुऱ्या माणसाला उजव्या हाताने लिहिता येत नाही, तसं ते होतं.

"बघितलं नाही," ती म्हणाली. पुढच्या शनिवारी क्रांजीला गेली आणि बघून आली.

ती बघून आली की ते विचारायचे, भेग आहे? आहे म्हटलं की विचारायचे, भरली? मग भरायला शिकावं लागलं. सीलंट इडलीच्या पिठाइतकं घट्ट हवं, त्याहून पातळ नको, हे तिने तिच्या शब्दांत लक्षात ठेवलं. साठीला टेकलेली बाई पदर खोचून शिडीवर चढते, हे बघून कोह पहिल्यांदा घाबरले होते. मग सवय झाली त्यांना.

कोहांनी तारीख सांगितली त्या शनिवारीही संध्याकाळी भाऊसाहेबांनी विचारलं.

"छत?"

"दोन्ही बाजू भरल्या."

"पंखा?"

"चालतो."

त्यांनी मान डोलावली, डोळे मिटले. जे विचारलं त्याचं तिने उत्तर दिलं होतं. जे विचारलं नाही ते सांगितलं नव्हतं. रात्रीच्या वंदनेत चौथं शील तिने दोनदा म्हटलं. मग पुढचं म्हटलं.

सोमवारी मुलाला, रत्नदीपला, तिने स्वयंपाकघरात गाठलं. तो हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत होता, नुकताच घरी आला होता, टाय अर्धवट सुटलेला.

"तोडणार?" त्याने फ्रिजचं दार बंद केलं. "आणि तू बाबांना सांगणारेस."

"विचारलं तर."

"विचारणारच ना ते! दर शनिवारी विचारतात. आई, नुसतं 'हो' म्हणायचं. छत? हो. पंखा? हो. ते काय क्रांजीला जाऊन बघणारेत? त्यांना कळणार कसं?"

"नाहीच कळणार," नंदा म्हणाली. "म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

"त्यांना आता माझ्याच डोळ्यांनी बघता येतं." ती भांडी पुसत राहिली.

रत्नदीपची बायको राणी दारात येऊन उभी राहिली होती. ती हळूच म्हणाली, "आई, मनोहरकाकांचं आठवतंय ना?"

आठवत होतं. भाऊसाहेब आजारी पडल्यावर काही महिन्यांनी त्यांचा धाकटा भाऊ मनोहर जालन्याला वारला. तेव्हा घरातले बाकी सगळे ठरवून गप्प होते. भाऊसाहेबांनी नंदाला विचारलं, "मन्याचा फोन?" आणि तिने सांगून टाकलं. ते रडले नाहीत. त्यांनी तोंड मिटलं. चमचा पुढे केला की ओठ घट्ट. चौथ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये नेऊन नाकातून नळी घालावी लागली. ती नळी डाव्या हाताने ओढून काढतील म्हणून तो एकच चांगला हात पलंगाला बांधून ठेवला होता.

"परत नळी लागली ना," रत्नदीप म्हणाला, "तर ह्या वेळी ते उठायचे नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय मला. तुला सांगितलं नव्हतं." त्याचा आवाज चढला होता, मग उतरला. "तुझं शील महत्त्वाचं का बाबा, एवढंच सांग."

नंदाने पुसलेलं ताट परत पुसलं. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं, दाढ काढल्यावर गाल होतो तसं.

"नको मग जाऊस ह्या शनिवारी," तो म्हणाला. "घरीच थांब. गेलीच नाहीस तर सांगायचं काय?"

ती गेली. शनिवारी पौर्णिमा होती, उपोसथाचा म्हणजे उपासाचा दिवस. पांढरं पातळ नेसून ती एमआरटीच्या गाडीत बसली, पुढे बस, पुढे पायी.

भंगारवाले आधीच आले होते. लॉरी, दोन सिलिंडर, कापायची बत्ती. कोहांनी नंदाच्या पातळाकडे पाहिलं. "टुडे युवर व्हाइट डे, आह? देन कोपी-ओ." अशा दिवशी दुपारनंतर ती जेवत नाही आणि दूध तर दिवसभर घेत नाही, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी थर्मासमधून बिनदुधाची कॉफी ओतून दिली. ती दोन घोट प्यायली.

मग ती ट्रेलरमध्ये शिरली. आत काही नेण्यासारखं नव्हतं. तिने टाकीचा नळ सोडला आणि पाणी बागेत वाहून जाईपर्यंत उभी राहिली. गॅस बंद केला, सिलिंडर काढून बाहेर ठेवला. बटण दाबलं, सरकती खोली गुरगुरत आत आली आणि भिंतीला भिंत लागून बसली. मग पाना घेऊन ती बॅटरीपाशी वाकली.

कामगारांतला एक, शफीक नावाचा, हिंदीत म्हणाला, "मॅडम, इसको तो काटना है. इतना बंद-वंद करके क्या फायदा?"

"लेट हर," कोह म्हणाले.

पाना लोखंडाला लागला आणि ठिणगी उडाली. शफीक दचकून मागे सरला. नंदाने हात झटकला आणि दुसरा नट सोडवला.

मग त्यांनी कापायला सुरुवात केली. छत आधी काढलं. ते पातळ होतं, फार वेळ लागला नाही. तिने भरलेली सीलंटची धार पत्र्याबरोबर दुमडली, कुठे फाटली नाही. दुपारपर्यंत लॉरी भरली. जिथे ट्रेलर उभा होता तिथे गवत नव्हतं, फिकट माती होती. त्या मातीवर चालत एक कोंबडी काहीतरी टिपत होती.

कोहांनी तिला फाटकापर्यंत सोडलं. ते आता मुलीकडे राहायला जाणार होते, पुंगोलला, तेराव्या मजल्यावर. "टेल हिम गुड जॉब," ते म्हणाले. "ऑल दीज इयर्स, गुड जॉब." मग बस येईपर्यंत ते तिच्याबरोबर थांबले.

घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. रत्नदीप हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसला होता. स्क्रीन काळी पडली होती. त्याने आईकडे पाहिलं. मग लॅपटॉप मिटला. नंदाने अंघोळ केली, पातळ बदललं, भाऊसाहेबांसाठी मऊ खिचडी केली, मिक्सरमधून काढली आणि वाटी घेऊन खोलीत गेली. रत्नदीप उठून दाराशी आला.

तिने भाऊसाहेबांना उशीला टेकवून बसवलं, गळ्याखाली नॅपकिन लावला.

"छत?" भाऊसाहेबांनी विचारलं.

दाराशी रत्नदीप म्हणाला, "आई."

नंदाने वाटी मांडीवर ठेवली. "छत नाही आता," ती म्हणाली. "ट्रेलर तोडला आज. कोहांना जमीन परत द्यावी लागली. मी होते तिथे."

भाऊसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग समोरच्या भिंतीकडे. ओठ मिटले. रत्नदीपने दाराच्या चौकटीवर हात टेकवला.

 खालच्या मजल्यावर कुणी तरी मुलाला जेवायला बोलावत होतं.

"पाणी?" भाऊसाहेब म्हणाले.

नंदाने पेला उचलला. त्यांनी मान हलवली; ते नव्हे.

"टाकीचं? काढलं होतं. सगळं."

"गॅस?"

"बंद केला. सिलिंडर बाहेर काढला."

"खो..." शब्द अडकला. त्यांनी डावा हात आडवा सरकवून दाखवला.

"खोली आत घेतली. अडकली नाही."

"बॅटरी?"

"काढली."

त्यांनी तिच्याकडे डोळे वळवले आणि दोन बोटं वर केली. दोन तारांपैकी आधी कुठली?

काळी तार आधी काढायची, मग लाल. हे त्यांनी तिला किती वेळा सांगितलं होतं. नंदा वाटीत बघत म्हणाली, "लाल काढली आधी. चुकलं. ठिणगी उडाली."

भाऊसाहेबांच्या घशातून एक आवाज आला. चेहऱ्याची एकच बाजू हलली. ते हसले की आणखी काही, हे त्या अर्ध्या चेहऱ्यावरून तिला सांगता आलं नसतं, रत्नदीपलाही नाही.

"चु... चुकलं," ते म्हणाले.

"हो."

तिने चमचा भरला आणि पुढे केला. ओठ मिटलेलेच होते. तिने हात मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही. हात भरून आला. 

मग भाऊसाहेबांनी तोंड उघडलं.

उजव्या बाजूने थोडं ओघळलं. नंदाने ते नॅपकिनने टिपलं, आणि दुसरा चमचा भरला.