बॉनेटवरचे कुंकवाचे बोट

मित्रांनो, मी एका गाडीवरची जुनी पारदर्शक फिल्म आहे. खरे सांगायचे तर आता मी फिल्मचा एक तुकडा उरले आहे, तुमच्या तळहाताहूनही लहान. तुम्ही मला कधी पाहिले नसेल. माझ्या आरपार सगळे पाहतात, माझ्याकडे कोणी पाहत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. गुंडाळी होऊन मी परळच्या एका दुकानात आले. गाडीच्या रंगावर दुसऱ्या कातडीसारखे चिकटायचे आणि उडालेले खडे, झाडांचा चीक, कबुतरांची घाण, सगळे आपल्या अंगावर घ्यायचे, हे आमचे काम. आम्हाला एक वरदानही आहे. बारीक ओरखडे पडले तर उन्हाच्या उबेने ते आपोआप भरून येतात.

काळाचौकीच्या नीलने पांढरी गाडी घेतली ती दसऱ्याला. दुसऱ्याच दिवशी तो आईवडिलांना घेऊन दुकानात आला. त्याच्या आईने, सुनेत्राबाईंनी, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले होते. दुकानातल्या दीपकने ते धुऊन टाकले.

"अरे, पुसलंस?" सुनेत्राबाई ओरडल्याच.

"काकी, धुळीचा कण राहिला तरी फिल्मखाली फुगा येतो. हे तर अख्खं स्वस्तिक!"

"पूजा केलेलं असं पुसतात का रे?"

"मग आधी फिल्म लावायची, पूजा नंतर."

"दसरा काय तुझ्या दुकानाला विचारून येतो?"

अण्णा, म्हणजे नीलचे वडील, हसू दाबत बाजूला उभे होते. मी तेव्हा अर्धी चिकटलेली आणि अर्धी उचललेली होते. दीपक बाटलीत पाणी भरायला वळला. तेवढ्यात सुनेत्राबाईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली, करंगळीशेजारचे बोट तीत बुडवले आणि माझ्याखाली सरकवून रंगावर टेकवले.

दीपकने येऊन मला खाली ओढले आणि रबराच्या पट्टीने पाणी बाहेर काढले. तेव्हा माझ्याखाली लाल बोट उमटलेले दिसले. पाण्याबरोबर ओघळून त्याला एक बारीकशी शेपटीही फुटली होती.

"काकी! हे काय केलंत?"

"आता पूस बघू."

"आई, तू पण ना!" नील कपाळाला हात लावून म्हणाला.

"गाडी रोज सुखरूप घरी येऊ दे, एवढंच मागितलंय मी. तुझ्या फिल्मकडे काही खायला नाही मागितलं."

अण्णा म्हणाले, "राहू दे रे दीपक. ती ऐकायची नाही."

गाडी रोज सुखरूप घरी आली. दोन वर्षांनी, चैत्रातल्या एका दुपारी ती सुनेत्राबाईंना घेऊन इस्पितळात गेली. पाचव्या दिवशी गाडी घरी परत आली. अण्णा मागच्या सीटवर बसले होते. पुढची सीट, जिथे सुनेत्राबाई बसत, रिकामी होती.

त्या दिवसापासून मला पुसायचे काम अण्णांनी घेतले. आधी नुसते पाणी ओतायचे, म्हणजे खरखरीत धूळ वाहून जाते. मग सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ फडके. घाण वाळली असेल तर ती खरवडायची नाही, ओले फडके ठेवून भिजू द्यायची. त्या लाल बोटाजवळ आले की अण्णांचा हात मंदावायचा. "आज फार धूळ होती गं," ते पुटपुटायचे.

आणि मित्रांनो, हे मी कोणालाच सांगू शकले नाही. दुपारच्या उन्हात मी मऊ पडायचे, माझे ओरखडे मिटू लागायचे, आणि तेव्हा खालून कोणीतरी मला बोट टेकवायचे. अगदी हलके. वाट पाहणारे माणूस खिडकीच्या काचेला टेकवते तसे.

एका अनंत चतुर्दशीला आमच्या गल्लीतून मिरवणूक गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा खाली आले तर मी गुलालाने न्हाले होते. त्या लालीत ते लाल बोट दिसेना. इतकी वर्षे जपलेली रीत अण्णा विसरले. खिशातल्या कोरड्या रुमालाने ते मला खसाखसा घासू लागले. "कुठे गेलीस? अगं, कुठे गेलीस?" माझ्या अंगभर ओरखडे उठले. अखेर बोट दिसले, होते तिथेच. अण्णांनी बॉनेटवर दोन्ही हात टेकले.

ओरखडे उन्हाने दोन दिवसांत भरले. पण वय कोणाला चुकले आहे? मी पिवळी पडू लागले, कडेने सुटू लागले.

"अण्णा, फिल्म बदलायला हवी," नील म्हणाला.

"नको."

"अजून ठेवली तर काढताना रंग सोलून निघेल."

"निघू दे."

"रंग निघाला तर आईचं बोटही जाईल हो, अण्णा."

अण्णांनी त्याच्याकडे चमकून पाहिले. त्यांना वाटत होते, ते बोट फक्त त्यांच्याच लक्षात आहे.

दुकानात दीपकने ती लाल खूण लगेच ओळखली. "काकी नाही आल्या?" त्याने विचारले. अण्णांनी त्या खुणेवर हात ठेवला. त्याने मान खाली घातली. "सावकाश काढतो, अण्णा. पण ते फिल्मबरोबर येईल की रंगावर राहील, सांगता येत नाही. रंगावर राहिलं तर नवी लावताना पुसावं लागेल."

गरम हवेखाली मी बोटबोट सुटत गेले. खुणेपाशी दीपकचा हात थांबला. मग त्याने मला उचलले.

बोट माझ्याबरोबर आले, रेघारेघांसकट. शेपटी मात्र रंगावर राहिली.

सवयीने दीपकने फडके उचलले. त्याने अण्णांकडे पाहिले आणि फडके पुन्हा बादलीत टाकले. नवी फिल्म त्याने त्या लाल शेपटीवरच लावली. "फुगा आला तर येऊ दे," तो म्हणाला. "काकींनी मला परत फसवलं."

माझा एवढासा तुकडा अण्णांनी कात्रीने कापून घरी आणला आणि सुनेत्राबाईंच्या फोटोच्या काचेवर लावला, बरोबर कपाळावर. रोज सकाळी ओल्या फडक्याने ते काच पुसतात. माझ्याजवळ आले की हात मंदावतो.

मित्रांनो, वस्तू स्वच्छ जरूर ठेवा. पण कोरड्या फडक्याने घासू नका, आणि एखादा डाग पुसण्याआधी तो कोणाचा आहे, हे घरात एकदा विचारा.

अजूनही दुपारी खिडकीतून ऊन फोटोवर येते, मी मऊ पडते, आणि ते बोट मला टेकते. संध्याकाळपर्यंत टेकलेलेच असते. मग खाली चौकात नीलची गाडी येऊन थांबते, दार लागल्याचा आवाज होतो, आणि ते बोट सैल पडते.